मोडलेली मांडी

नाटकातल्या नायकाने कुठे मरावे, याविषयी आपल्या जुन्या नाट्यशास्त्रकारांचे मत मोठे शिस्तीचे होते. दहाव्या शतकातल्या धनंजयाने आपल्या ‘दशरूपका’त रंगभूमीवर दाखवू नयेत अशा गोष्टींची यादीच देऊन ठेवली आहे. लांबचा प्रवास, युद्ध, वध, जेवण, स्नान! वध आणि स्नान एका पंक्तीला बसवलेले पाहून आमच्या वर्गातली मुले दरवर्षी हसतात. मीही त्यांना हसू देतो. सकाळी साडेसातच्या तासाला मुले हसतात, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण मुख्य नायकाच्या वधाविषयी धनंजय थट्टेला जागाच ठेवत नाही. तो वध कुठेही, कोणत्याही मिषाने येता कामा नये, असे तो बजावतो.

या शिस्तीचा परिणाम व्हायचा तोच झाला. शकुंतलेला दुष्यंत परत मिळाला. चारुदत्त वधस्थानापर्यंत जाऊन सुखरूप घरी आला. भवभूतीच्या रामालासुद्धा सीता परत मिळाली, आणि वाल्मीकीला जे जमले नाही ते नाटककाराने करून दाखवले. त्यामुळे एम्.ए.च्या वर्गात येणाऱ्या मुलांची एक पक्की समजूत असते की, शोकांतिका ही विलायतेहून आलेली वस्तू आहे. ग्रीकांचा ईडिपस, शेक्सपियरचा ऑथेल्लो, मग देवलांनी १८९० साली त्या ऑथेल्लोला मराठी पोशाख चढवून ‘झुंझारराव’ केला, पुढे १९१९ साली गडकऱ्यांचा सुधाकर ‘एकच प्याला’त स्वतःच्या हाताने विष पिऊन मेला, आणि अशा रीतीने आपणही रंगभूमीवर मरायला शिकलो! परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही वंशावळ मी इतक्या वेळा वाचली आहे की ती आता मला पाठ झाली आहे.

मग एखाद्या दिवशी मी मुलांना ‘ऊरुभंगा’ची गोष्ट सांगतो.

हे नाटक आपल्याला मिळाले तीच एक नवलाची कथा आहे. भास नावाचा कोणी थोर नाटककार होऊन गेला, हे सर्वांना ठाऊक होते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभी त्याचे नाव आदराने घेतले आहे, बाणाने घेतले आहे. पण नाटके मात्र कोणी पाहिली नव्हती. १९०९ च्या सुमारास त्रावणकोर संस्थानात जुन्या पोथ्यांचा शोध घेत हिंडणाऱ्या टी. गणपतिशास्त्री यांना मल्याळम लिपीत लिहिलेली ताडपत्रे सापडली, आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमच्या ग्रंथमालेत एकामागून एक तेरा नाटके छापून निघाली. पोथ्यांवर कर्त्याचे नाव नव्हते. शास्त्रीबुवांनी ती भासाची ठरवली, आणि तेव्हापासून विद्वानांत जो वाद लागला तो अजून मिटलेला नाही. आमचे संस्कृतचे सहाध्यापक या वादात आजही आवेशाने बोलतात. मी मराठीचा माणूस. भाऊबंदांच्या या भांडणात न पडता नाटक कोणाचेही असो, आपण वाचावे, एवढेच माझे धोरण.

नाटक लहान आहे, एका अंकाचे. गोष्ट तर सर्वांच्या ओळखीची. अठरा दिवसांचे युद्ध संपले आहे, भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध होते, भीम नियम मोडून दुर्योधनाच्या मांड्यांवर घाव घालतो, आणि दुर्योधन पडतो. महाभारतातली एक खलपुरुषाची अखेर. पण भासाने काय केले आहे पाहा. युद्ध त्याने तीन शिपायांच्या तोंडून सांगून टाकले, आणि जिथे इतरांची गोष्ट संपते तिथे त्याने आपले खरे नाटक सुरू केले. दुर्योधन पडला, मग मरेपर्यंत मधल्या वेळात काय झाले? एवढीच नाटकाची वस्तू. आणि तो मरतो तो आपल्या डोळ्यांसमोर, रंगभूमीवर.

दुर्योधनाला नायक म्हणायचे, हे मला स्वतःला एकदम पचले होते असे नाही. आमच्या आजीच्या घरी चातुर्मासात श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ वाचला जाई. गदायुद्धाचा अध्याय आला की आजी वाती वळायची थांबे, आणि भीमाचा घाव बसला की ‘बरं झालं मेल्याला!’ म्हणून पुन्हा वातीला हात घाली. पुढे १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ लागे तेव्हा रविवारी सकाळी चाळीतली वीस-पंचवीस माणसे आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसत. त्यांत दुर्योधनासाठी हळहळलेला एकही माणूस मला आठवत नाही. गांधारीची दृष्टी पडून दुर्योधनाचा देह वज्राचा झाला आणि लाजेने झाकलेल्या मांड्याच तेवढ्या कच्च्या राहिल्या, ही कथा कीर्तनातून आणि पडद्यावरून घरोघरी पोचली आहे. व्यासांच्या ग्रंथात ती नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात अपार कष्ट करून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यातही ती मिळायची नाही. तरी ती कोणा अनाम कथेकऱ्याला सुचली यात नवल नाही. एवढा गदाधर राजा, आणि घाव नेमका मांडीवर का, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडणारच.

व्यासांचे उत्तर याहून साधे आणि कडक आहे. द्यूतसभेत द्रौपदीकडे पाहून याच माणसाने आपली डावी मांडी उघडी करून दाखवली होती. तीच मांडी फोडण्याची प्रतिज्ञा भीमाने तिथल्या तिथे केली. पुढे वनपर्वात मैत्रेय ऋषी चार हिताच्या गोष्टी सांगायला आले असता हा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत, मांडीवर थाप मारीत उभा राहिला. ऋषी संतापले आणि तीच मांडी भीमाच्या गदेने फुटेल असा शाप देऊन गेले. मांडीवर थाप मारण्याची ती मिजास माणसाला किती महागात पडावी! अखेरच्या युद्धात भीमाला खूण करायची वेळ आली तेव्हा अर्जुनाने स्वतःच्या मांडीवरच थाप मारली. भासाने ती खूण अर्जुनाकडून काढून कृष्णाच्या हाती दिली आहे. जणू सारे महाभारत या एका अवयवाकडे बोट दाखवीत चालले आहे.

आणि इथे मला आपल्या मराठीचा फार अभिमान वाटतो. संस्कृतात ऊरू वेगळा आणि अंक वेगळा. ऊरू मोडतो, अंकावर मूल बसते. इंग्रजीतही दोन निराळे शब्द आहेत. मराठीत मात्र दोन्ही मिळून एकच मांडी. गदा बसते ती मांडीवर, आणि नातू बसतो तोही मांडीवर. जी निर्लज्जपणे उघडी करून दाखवली ती मांडी, आणि जिच्यावर बाळाला निजवायचे तीही मांडी. जेवायला बसायचे तर आपण मांडी घालतो. आणि सर्वांत मोठा विश्वास दाखवायचा तर म्हणतो, त्याच्या मांडीवर डोके ठेवून खुशाल झोपावे. भासाने जे नाटकभर हिंडून सांगितले ते आपल्या आयाबायांनी एका शब्दात घालून ठेवले आहे. वर्गात हे सांगितले की मुले क्षणभर आपापल्या बाकांवर चाळवतात.

भासाचा दुर्योधन रंगभूमीवर येतो तो सरपटत. पाय निकामी झालेले, दोन्ही हातांच्या आधाराने रक्ताळलेला देह ओढीत तो येतो. समुद्रमंथन संपल्यावर देव-दैत्यांनी मंदर पर्वतावरून सोडून टाकलेल्या वासुकी नागाची उपमा त्याला दिली आहे. काम झाले, दोर टाकून दिला! आपल्या शिष्याला कपटाने पाडल्याचे पाहून बलराम संतापला आहे, नांगर घेऊन भीमावर धावायला निघाला आहे. आणि त्याला अडवतो कोण, तर हाच दुर्योधन. तो म्हणतो की आता वैरात काही अर्थ राहिला नाही. कुरुकुळातल्या मेलेल्यांना पाणी द्यायला तरी कोणी जिवंत राहू द्या. ते पाणी देणारे कोण? पांडव! ज्यांना सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन द्यायची नव्हती, त्यांच्याकडून पाण्याची ओंजळ घ्यायला हा माणूस तयार झाला आहे.

पण हे सर्व तो एका राजाला शोभेलशा आवाजात बोलतो. अजून तो पडलेला नाही, असे मला नेहमी वाटते. देह पडला आहे. माणूस पडायचा आहे. तो पडतो पुढच्या प्रवेशात, आणि त्याला पाडणारा भीम नव्हे.

आंधळा धृतराष्ट्र, डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी, मालवी आणि पौरवी या दोन राण्या आणि दुर्जय नावाचा लहान मुलगा, अशी सारी मंडळी रणांगणात दुर्योधनाला शोधीत येतात. व्यासांच्या महाभारतात हे असे घडत नाही. तिथे दुर्योधनाचा जो मुलगा ठळकपणे येतो तो लक्ष्मण. त्याला अभिमन्यूने तेराव्या दिवशीच मारलेले आहे. तेव्हा हा दुर्जय भासाने आणला. का आणला, ते लगेच कळते. पोर चालून चालून दमले आहे. दमलेल्या पोराला विसावा हवा, आणि बापाची मांडी ही त्याची नेहमीची जागा. बाप दिसताच तो मांडीवर चढायला धावतो.

दुर्योधन त्याला अडवतो.

अठरा दिवसांत अकरा अक्षौहिणी सैन्य गेले, नव्व्याण्णव भाऊ गेले, कर्ण गेला, तेव्हा जो माणूस मोडला नाही, तो इथे मोडतो. मुलगा विचारतो की मला का अडवता. आणि बाप सांगतो की बाळ, ती ओळखीची जागा आता सोड, आजपासून ती तुझी नाही, तू दुसरीकडे कुठेही बैस. दुर्जयाला यातले काहीच कळत नाही. महाराज कुठे निघाले, असे तो विचारतो. शंभर भावांच्या मागून जातो असे ऐकल्यावर तो म्हणतो की मलाही तिकडे घेऊन चला. यावर दुर्योधनाचे उत्तर असे आहे की, ते वाचताना माझा घसा दरवर्षी दाटतो, आणि मी फळ्याकडे वळून उगीच एखादी तारीख लिहितो. तो म्हणतो की बाळा, हे जाऊन भीमाला सांग. पुढे मुलगा सांगतो की तुम्हाला सगळे शोधताहेत, चला. मला चालवत नाही, म्हणतो बाप. मग मी उचलून नेतो, म्हणतो मुलगा.

नाटककाराने दुर्योधनाचा मुकुट, राज्य, हस्तिनापूर यांतले काहीही या प्रवेशात आणलेले नाही. राजाचा अधःपात दाखवायचा म्हणजे सिंहासन दाखवावे, निदान रिकामे तरी दाखवावे, असा पुष्कळांचा समज असतो. भासाने सिंहासनाच्या जागी मांडी ठेवली. द्रौपदीला जिच्यावर बस म्हणून बोलावले, तिच्यावर आता पोटचा मुलगा बसू पाहतो आणि त्याला बसता येत नाही. गुन्हा आणि शिक्षा यांचा इतका जवळचा हिशेब मी दुसऱ्या कुठल्या नाटकात पाहिलेला नाही. आणि तरी तो हिशेब वाटत नाही. मुलगा मध्ये उभा आहे ना! त्याने तर कोणाचे काही केलेले नाही.

हाच धागा पुढे सुटत नाही. आईवडील समोर उभे असता उठून पाया पडावे म्हणून दुर्योधन धडपडतो, आणि पडतो. गदेने दोन्ही मांड्यांबरोबर वडिलांच्या पायांवर डोके ठेवणेही हिरावून नेले, हा मला बसलेला दुसरा घाव, असे तो म्हणतो. थोड्या वेळाने अश्वत्थामा येतो. राजा शांतीच्या गोष्टी बोलतो आहे हे पाहून तो चिडतो आणि जवळजवळ त्याच शब्दांत टोमणा मारतो की, दोन्ही मांड्यांबरोबर तुझा ताठाही गेलेला दिसतो. एकच शब्दरचना कवीने दोनदा वापरली आहे. मुलगा मांडीला मुकला, आईबाप नमस्काराला मुकले, ही दुर्योधनाची मोजणी. ताठा गेला, ही त्याच्या जिवलगाची मोजणी. एकाच घावाचे हे दोन निरनिराळे जमाखर्च.

भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’त याच मांडीवर एक जागा आहे. परशुरामतात्या गोडबोल्यांनी एकोणिसाव्या शतकात ते नाटक मराठीत आणले, तेव्हा जुन्या वाचकांना ते ठाऊक असेल. तिथे दुसऱ्या अंकात दुर्योधन राणी भानुमतीला लाडाने सांगतो की तुला बसायला माझ्या दोन मांड्या पुरेशा आहेत. आणि त्याच क्षणी कंचुकी धावत येऊन ‘मोडला, मोडला!’ म्हणून ओरडतो. वाऱ्याने रथाचा ध्वज मोडलेला असतो, पण प्रेक्षक काय ते समजतो. युक्ती मोठी चतुर आहे, शास्त्रकारांनी तिचे उदाहरणादाखल कौतुकही केले. मला मात्र ती युक्तीच वाटते. भासाकडे वाक्य साधे आणि पोर दमलेले, बस्स!

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला, कोणाकडे तांब्याभर पाणीसुद्धा न मागणारा माणूस. कोकणातल्या घराच्या वाटणीवरून त्यांचे आणि धाकट्या काकांचे बिनसले. घरात काय होते? एक विहीर, तिच्यावरचा रहाट, आणि परड्यातली अकरा कलमे. पण दावा तालुक्याच्या कोर्टात गेला, आणि एकवीस वर्षे भाऊ भावाशी बोलला नाही. लग्नकार्यात दोघे वेगवेगळ्या पंगतींना बसत. हे सर्व सांगताना मला विशेष संकोच वाटत नाही, कारण वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी तरी अशी एखादी विहीर असेलच.

एकोणऐंशीव्या वर्षी अण्णा न्हाणीघरात घसरून पडले. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया झाली, आत सळी बसवली, आणि त्यांना घरी आणले. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. सकाळचे वर्तमानपत्र आजोबांच्या मांडीवर बसून ‘वाचायचे’, हा त्याचा रोजचा परिपाठ. अण्णांना खाटेवर निजवले मात्र, हा पेपर घेऊन वर चढू लागला. अण्णांनी हात आडवा धरला.

“इथे नको रे, राजा.”

“का?”

“ती जागा मोडली.”

मुलाने पांघरूण वर करून पट्ट्या नीट निरखून पाहिल्या. मग तो स्वयंपाकघरात गेला, आपला लहान पाट घेऊन आला, खाटेशेजारी त्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “मग तुम्ही माझ्यावर डोकं ठेवा. मी वाचतो.” दुर्जयाचे बोलणे लिहिताना भासाच्या कानावर कोणाचे तरी पोर असलेच पाहिजे.

त्या रात्री अण्णांनी मला हाक मारली, आणि काकांचे नाव घेतले. एकवीस वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. “त्याला कळवलंस का?” एवढेच विचारले. काका रात्रीच्या एस.टी.ने निघून सकाळी आले. दोघे भाऊ तीन तास बोलले. पावसाविषयी, सुपारीच्या भावाविषयी, रहाटाच्या कुरकुरण्याविषयी. दाव्याचा उल्लेख कोणीच केला नाही. काका निघाले तेव्हा अण्णांनी नातवाला जवळ बोलावले. “हे तुझे धाकटे आजोबा. यांच्या पाया पड. मी नसलो की यांच्या मांडीवर बसायचं.” तिसऱ्या आठवड्यात अण्णा गेले. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर काका माझ्या शेजारी उभे होते, आणि पाणी त्यांच्याही ओंजळीतून पडले.

हे मी वर्गात कधी सांगत नाही. पण दुर्योधनाने दुर्जयाला केलेला उपदेश शिकवताना मला पुस्तकाकडे पाहावे लागत नाही. तो मुलाला सांगतो की पांडवांची माझ्याप्रमाणेच सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, अभिमन्यूच्या आईला आणि द्रौपदीला आईसमान मान. आणि माझ्या नावाने पाणी सोडशील तेव्हा युधिष्ठिराच्या उजव्या हाताला स्पर्श करून पांडवांच्या बरोबरीने सोड. द्रौपदीला आई मान! ज्या मांडीवर तिला बोलावले, त्या मांडीच्या वारसाला तो हे सांगतो आहे. अश्वत्थाम्याच्या टोमण्याला उत्तर देतानाही तो काही लपवीत नाही. द्रौपदीचे केस धरून ओढले, कोवळ्या अभिमन्यूला मारले, फाशांच्या कपटाने पांडवांना रानात घालवले. आम्ही जे केले त्याच्या मानाने त्यांनी मला केले ते थोडेच, असे तो स्वच्छ म्हणतो. ग्रीक नायकाला अखेरीस जे सत्य दिसते म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळी ॲरिस्टॉटलचे नाव घेऊन तास भरवतो, ते हेच. मात्र याच दमात, राजाचे शरीर म्हणजे त्याचा मान, मी मानासाठीच लढलो, असेही तो सांगतो. ताठा सगळा गेलेला नाही. सगळा जातो कोणाचा?

महाभारतातला दुर्योधन असा मरत नाही, हे मुलांना सांगणे भाग असते. तिथे तो सूडाची वाट पाहत पडून राहतो. अश्वत्थाम्याने रात्री झोपेत पांडवांचे सैन्य आणि द्रौपदीचे मुलगे मारल्याची बातमी ऐकतो, आणि समाधानाने प्राण सोडतो. भासाने तो शेवट टाकून दिला. मात्र अश्वत्थामा त्याने टाकला नाही, आणि इथेच हा कवी किती सावध आहे ते दिसते. राजा म्हणतो धनुष्य खाली ठेव. अश्वत्थामा ठेवीत नाही. उलट तो रात्रीच्या कत्तलीची प्रतिज्ञा करतो आणि अभिषेकाशिवायच, केवळ ब्राह्मणाच्या शब्दाने, त्या दमलेल्या दुर्जयाला राजा करून मोकळा होतो. ज्याला बसायला मांडी उरली नाही, त्याला राज्यावर बसवले!

प्रत्येक भाऊबंदकीत असा एक अश्वत्थामा असतो. भांडणारे दोघे थकतात, मऊ पडतात. हा थकत नाही. त्याची निष्ठा खोटी नसते, हीच तर अडचण. अण्णांच्या तेराव्याला जेवणे आटोपल्यावर आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. “एकवीस वर्षं लढले रे अण्णा. आणि तू एका दिवसात सोडून देणार? त्यांच्या मानाचं काय?” त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते. काकांच्या बाजूलाही असेच एक गृहस्थ निघाले. चुलतभावाने आणि मी मिळून दावा मागे घेतला खरा, पण त्याला पुढे दीड वर्ष लागले. त्यातला थोडा काळ वकिलांकडे गेला आणि बाकीचा या हितचिंतकांची समजूत घालण्यात.

दुर्योधनाचे मरण भासाने फार थोडक्यात उरकले आहे. मुलगा राजा झाला या समाधानात त्याचा प्राण निघू लागतो. त्याला शंतनू आणि इतर पूर्वज दिसतात, कर्णाला पुढे करून शंभर भाऊ उभे राहिलेले दिसतात, आणि रागावलेला अभिमन्यूही दिसतो. मला या यादीतला अभिमन्यू सर्वांत मोलाचा वाटतो. स्वर्गात पाऊल टाकतानाही ते पोर याला चुकत नाही. मग अप्सरा येतात, गंगा आणि समुद्र येतात, आणि हजार हंस जोडलेले विमान त्याला न्यायला येते. तो निघालो म्हणतो आणि मरतो. त्याच्यावर वस्त्र पांघरतात. धनंजयाने पुढे जे कुठेही दाखवू नका म्हणून बजावले ते असे शेकडो वर्षे आधीच दाखवून झाले होते.

१९८१ साली रतन थिय्याम यांनी हे नाटक इंफाळला मणिपुरीत उभे केले. केरळात कावालम नारायण पणिक्करांनीही ते रंगभूमीवर आणले. ताडपत्रांत निजलेला राजा असा पुन्हा उठला आणि पुन्हा पडला.

मागच्या वर्षी तास संपवून घरी आलो तेव्हा आई भाजी निवडीत बसली होती. मी तिला नाटक सांगितले. ती आजीचीच सून. ‘पांडवप्रताप’ तिनेही ऐकलेला. दुर्योधनासाठी ती काही हळहळली नाही. धृतराष्ट्र राज्याला धिक्कारून तपोवनात निघाला, अश्वत्थामा शस्त्रे घेऊन रात्रीच्या अंधारात निघाला, इथपर्यंत तिने मुकाट्याने ऐकून घेतले. मग मेथीची काडी मोडीत ती म्हणाली,

“आणि तो पोरगा रे? दमला होता ना तो?”

नाटकात त्याचे पुढे काही सांगितलेले नाही.